नाशिकच्या अंबड एमआयडीसीत नवीन लागलायस ना, मग बॅचचं गणित आधी समजून घे

भावा, तू विचारलंस की एकाच सीएनसी लेथवर आज फ्लँज (पाइप जोडायची चकती), उद्या बुश (आतून पोकळ नळीसारखा पार्ट) असं का चालतं, तर यालाच बॅच प्रोडक्शन म्हणतात, एका जॉबचे, म्हणजे एका प्रकारच्या पार्टचे, ठरलेले नग काढायचे, मग सेटिंग बदलून दुसरा जॉब लावायचा. अंबड-सातपूरच्या छोट्या वर्कशॉपमध्ये बहुतेक असंच काम चालतं.

खरा खेळ सेटिंगच्या, म्हणजे नव्या जॉबसाठी मशीन तयार करण्याच्या, वेळेचा आहे. समज सेटिंगला 60 मिनिटं लागतात आणि एका नगाला 2 मिनिटं, तर 30 नगांच्या बॅचमध्ये एक नग 4 मिनिटांना पडतो, 300 च्या बॅचमध्ये 2.2 ला. मग वाटतं की मोठीच बॅच काढावी, पण मग तयार माल ट्रेमध्ये पडून राहतो, पैसा अडकतो, गंज लागतो आणि दुसऱ्या पार्टीचा जॉब खोळंबतो. त्यापेक्षा सेटिंगचा वेळ कमी कर, पुढच्या जॉबचे जॉ (पार्ट पकडणारे जबडे), टूल, गेज (माप तपासायचं साधन) मशीन चालू असतानाच काढून ठेव.

आणि फर्स्ट पीस, म्हणजे नव्या सेटिंगवरचा पहिला नग, तपासल्याशिवाय पुढच्या नगांसाठी सायकल स्टार्टचं बटण दाबू नकोस. मी एकदा घाईत ऑफसेट (टूलच्या जागेचा मशीनमध्ये भरलेला आकडा) तसाच ठेवला, बोअर म्हणजे आतलं भोक ओव्हरसाइज, आख्खा लॉट स्क्रॅप, त्या रात्री झोप नाही लागली. मधेमधे पण माप घे, इन्सर्ट (टूलचं कापणारं पातं) झिजला की साइज सरकते. आणि ट्रेवर जॉब कार्ड, हीट नंबर (धातू कुठल्या वितळणीतून आला त्याचा नंबर) लिहिलेला पाहिजेच, दोन लॉट मिसळले तर कुठला माल कुठल्या बारचा (कच्च्या मालाच्या सळईचा) हे कोणीच सांगू शकत नाही.