समुद्रतळाखाली शेकडो मीटर खोल सापडलेले सूक्ष्मजीव खरोखर तिथलेच आहेत, ड्रिलिंगच्या पाण्याबरोबर आत गेलेले नाहीत, हे कसं ठरवतात?

शंका अगदी रास्त आहे. या विषयातली सगळ्यात जास्त मेहनत याच एका प्रश्नावर खर्च होते.

आधी आकडे बघा. समुद्राच्या वरच्या थरातल्या 1 मिलिलिटर पाण्यात साधारण 5 ते 10 लाख पेशी असतात, आणि ड्रिलिंगसाठी हेच पाणी पंपाने भोकात सोडलं जातं. खोल गाळात मात्र पेशी फार विरळ असतात. 2012 मध्ये जपानच्या शिमोकिता द्वीपकल्पासमोर ‘चिक्यू’ जहाजाने तळाखाली 2,466 मीटरपर्यंत भोक पाडलं. तिथल्या काही खोल नमुन्यांत एका घन सेंटिमीटरला दहापेक्षाही कमी पेशी होत्या. अशा नमुन्यात समुद्राच्या पाण्याचा एक थेंब शिरला तरी पंचवीस-पन्नास हजार परक्या पेशी आल्या. नमुना बाद.

बचाव सुरू होतो तो कोअर, म्हणजे गाळाचा दंडगोल नमुना, काढण्याच्या पद्धतीपासून. गाळ मऊ असेल तर पिस्टन कोअरर वापरतात. तो साडेनऊ मीटरचा नळा न फिरवता एका दणक्यात आत घुसवतो, त्यामुळे कोअरच्या मधल्या भागात पाणी सहसा पोचत नाही. गाळ कडक झाला की फिरतं पातं लागतं आणि खरा त्रास तिथे सुरू होतो: कोअरच्या बिस्किटासारख्या चकत्या पडतात आणि चकत्यांच्या मधे ड्रिलिंगचा चिखल भरतो. वरून मात्र कोअर अखंड दिसतो! म्हणून जिथे सोय असते तिथे आधी सीटी स्कॅन करून बिनतड्याचा तुकडा निवडतात, कडेचा थर खरवडून टाकतात आणि निर्जंतुक हत्यारांनी फक्त गाभा घेतात.

यानंतर ट्रेसर, म्हणजे बाहेरचं पाणी कुठपर्यंत शिरलं ते दाखवणारी खूण. ड्रिलिंगच्या पाण्यात परफ्लुरोकार्बन नावाचं रसायन लिटरमागे सुमारे 1 मिलिग्रॅम या प्रमाणात सतत मिसळत राहतात. ते निसर्गात नसतं आणि गॅस क्रोमॅटोग्राफ या वायूंचे घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर अगदी सूक्ष्म प्रमाणातही सापडतं. एक ग्रॅम गाळात 0.01 मायक्रोलिटर पाणी शिरलं असेल तरी कळतं. पेशींच्या भाषेत हे जास्तीत जास्त दहाच्या आसपास. कोअरची कड, मधला भाग आणि गाभा असे तीन नमुने घेतात. कडेला ट्रेसर भरपूर आणि गाभ्यात शून्य, असं चित्र हवं. कडेलाही शून्य आला तर खूश व्हायचं कारण नाही, पंपातून ट्रेसर गेलाच नसण्याची शक्यता जास्त.

हे रसायन चटकन उडून जातं, त्यामुळे कोअर डेकवर येताच नमुना काचेच्या बाटलीत सीलबंद करावा लागतो. उशीर झाला तर शिरलेलं पाणीही दिसत नाही. उलट कडेला हात लावलेल्या हातमोज्यानेच गाभ्याचा नमुना घेतला, तर स्वच्छ नमुनाही दूषित ठरतो. शिवाय ट्रेसर पोचला म्हणजे पेशी पोचल्याच असंही नाही, कारण रेणू पेशीपेक्षा फार लहान असतो. त्यासाठी कोअरच्या नळ्याच्या तोंडाशी अर्ध्या मायक्रोमीटरच्या चमकणाऱ्या प्लास्टिक मण्यांची पिशवी ठेवतात. कोअर आत शिरताना ती फुटते. मणी पेशीएवढेच असल्यामुळे ते गाभ्यात दिसले तर पेशीही गेल्या असणार.

मला स्वतःला सगळ्यात आवडते ती सल्फेटची तपासणी, कारण ती निसर्गानेच करून ठेवलेली आहे. समुद्राच्या पाण्यात सल्फेट लिटरला सुमारे 28 मिलिमोल असतं. गाळात खाली जाताना सूक्ष्मजीव ते संपवतात आणि त्याखाली मिथेनचा पट्टा लागतो. तिथल्या कणांमधल्या पाण्यात सल्फेट जवळपास शून्य असायला हवं. समजा 1.4 मिलिमोल निघालं, तर त्या पाण्यात 5 टक्के बाहेरचं पाणी आहे. पण नमुना हवेत उघडा राहिला तर सल्फाइडचं ऑक्सिडीकरण होऊन नवं सल्फेट तयार होतं आणि उगाच घबराट उडते. काही ठिकाणी खालून खारं पाणीही वर झिरपतं. आणि ही तपासणी ट्रेसरच्या मानाने ढोबळ आहे, हजारेक पेशींची भेसळ तिच्यातून सहज निसटते.

डीएनएच्या बाबतीत तर प्रयोगशाळेतली रसायनंही दगा देतात, डीएनए वेगळा काढायच्या किटमध्येच जिवाणूंचे अंश असतात. म्हणून गाळ न घालता तीच सगळी प्रक्रिया केलेला कोरा नमुना आणि ड्रिलिंगच्या पाण्याचा नमुना सोबत चालवतात. त्यांत सापडलेले प्रकार यादीतून वगळतात. कोऱ्या नमुन्याचा उल्लेखच नसलेल्या शोधनिबंधावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

राहिला प्रश्न हे सूक्ष्मजीव खरंच जिवंत आहेत का, याचा. 2010 मध्ये दक्षिण पॅसिफिकच्या मध्यावरून काढलेला गाळ 10 कोटी 15 लाख वर्षांपर्यंत जुना होता. तिथे अन्न इतकं कमी की ऑक्सिजनही संपलेला नाही, सल्फेट तर संपलेलं नाहीच, त्यामुळे सल्फेटची तपासणी तिथे निरुपयोगी. त्या गाळाला कार्बन-13 आणि नायट्रोजन-15 (या मूलद्रव्यांची विरळ, जड रूपं) असलेलं अन्न दिलं आणि एकेका पेशीत ही समस्थानिकं गेली का ते मोजलं. गेली होती. 68 दिवसांत काही नमुन्यांतली संख्या दहा हजार पटीपर्यंत वाढली. 2020 मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा पुढची शंका हीच होती की या पेशी वरच्या नव्या थरातून सावकाश खाली झिरपल्या नसतील कशावरून? त्या चिकणमातीतली छिद्रं सरासरी 0.02 मायक्रोमीटरची आहेत आणि पेशी त्याच्या कितीतरी पट मोठी असते. थर दाबला गेल्यानंतर तिला हलायला वाटच नाही.