आधी तुमचे स्क्वेअर, मग त्यांचे डॉलर

प्रश्न : आम्ही एडिसन, न्यू जर्सी येथे राहतो. घर १९८८ सालचं, दुमजली, राहती जागा २,३५० चौरस फूट, शेजारी जोडून दोन गाड्यांचं गराज. छतावरचे शिंगल (डांबरी कौलांसारखे चपटे तुकडे) आधीच्या मालकाने एकदा बदलले होते. या मार्चमध्ये चिमणीशेजारच्या खोलीत सीलिंगला पाण्याचा डाग पडला, म्हणून छत बदलायची तिघांकडून एस्टिमेट घेतली. पहिला ११,७०० डॉलर म्हणतो (२२ स्क्वेअर, हे छताचं माप), दुसरा १५,५०० (२५ स्क्वेअर), तिसरा २४,८०० (३१ स्क्वेअर). तिघांच्याही कागदावर ‘आर्किटेक्चरल शिंगल’ असंच लिहिलंय. एकाच छताची तीन मापं कशी? पत्नी म्हणते मधला घेऊ. सांगलीहून बाबा म्हणतात, स्वस्तातला घे, पत्रा तो पत्रा! घराची मापं आणि तिन्ही कागद सोबत पाठवत आहे.

उत्तर : तुमच्या पत्नीचा सल्ला बहुतेक बरोबर ठरेल, पण तो आकडा मधला आहे म्हणून नव्हे. आणि बाबांना सांगा, पत्रा असता तर मीही तेच म्हटलं असतं.

मी नोकरीभर एका रूफिंग कंपनीत बसून हीच एस्टिमेट करत आले. एक सवय लागली ती अशी, की कुणाचाही डॉलरचा आकडा बघायच्या आधी छत स्वतः मोजायचं. त्यासाठी शिडी लागत नाही. २,३५० हा आकडा मात्र विसरून जा. ती दोन मजल्यांची मिळून राहती जागा आहे, छताचा तिच्याशी संबंध नाही.

तुम्ही पाठवलेल्या मापांप्रमाणे घर बाहेरून ४२ बाय २८ फूट आहे. चारी बाजूंनी फूटभर पागोळी धरली की ४४ बाय ३०, म्हणजे १,३२० चौरस फूट. गराज २२ बाय २२. त्याची एक बाजू घराला चिकटलेली, म्हणून २३ बाय २४, म्हणजे ५५२. बेरीज १,८७२. ही झाली जमिनीवर पडणारी सावली. छत उतरतं, म्हणून ते सावलीपेक्षा मोठं. तुमचा उतार ८/१२, म्हणजे १२ इंच आडवं गेलं की ८ इंच चढ. त्यासाठी १.२ ने गुणायचं. (४/१२ ला १.०५, ६/१२ ला १.१२, १२/१२ ला १.४१.) इतर वाचकांना उतार माहीत नसेल तर अ‍ॅटिकमध्ये, म्हणजे छताखालच्या माळ्यावर जा. लेव्हलचं (बुडबुड्याच्या पट्टीचं) एक टोक राफ्टरच्या, म्हणजे छताच्या तिरक्या वाशाच्या खालच्या कडेला टेकवा, बुडबुडा मध्ये आणा आणि १२ इंचांच्या खुणेपासून सरळ वर राफ्टरपर्यंत मोजा. तो तुमचा चढ.

१,८७२ गुणिले १.२ म्हणजे साधारण २,२५० चौरस फूट. रूफिंगमध्ये १०० चौरस फुटांचा एक स्क्वेअर, म्हणजे तुमचं छत साडेबावीस स्क्वेअरचं. कडा आणि व्हॅली (दोन उतार मिळतात ती खोबण) कापताना माल वाया जातो, त्यासाठी १० ते १२ टक्के वर. मागवायचा माल झाला २५ स्क्वेअर.

म्हणजे पहिल्याने छत मोजलं पण वाया जाणारा माल धरला नाही, दुसऱ्याने धरला. तिसऱ्याच्या ३१ पर्यंत पोचायला मला १२/१२ चा उतार आणि वर १५ टक्के वाया असं दोन्ही धरावं लागलं. तेवढ्या उभ्या छतावर मांजरही चालायला कचरेल. तुमचं तसं नाही.

आता तिन्ही रकमांना त्यांच्या स्क्वेअरने भागू नका, तुमच्या साडेबावीसने भागा. तिसऱ्याच्या हिशेबाने स्क्वेअरला ८०० डॉलर दिसतात, तुमच्या हिशेबाने ते १,१०० होतात. पहिला ५२०, दुसरा ६९० च्या आसपास. आता फरक खरा दिसतो, आणि तो कशामुळे ते विचारता येतं.

शिंगलमुळे तर नक्की नाही. आर्किटेक्चरल शिंगलचा बंडल दुकानात साधारण ४० डॉलरला मिळतो, स्क्वेअरला तीन बंडल. २५ स्क्वेअरचे ७५ बंडल, म्हणजे सुमारे ३,००० डॉलर. १५,५०० मधले फक्त ३,००० शिंगलचे! ब्लाउजच्या कापडापेक्षा शिलाई महाग, तसलाच प्रकार. बाकीचे पैसे जातात मजुरीत, विम्यात, जुनं उखडून टाकण्यात (तुमच्या छतावर जुन्या शिंगलचा एकच थर असला तरी अडीच टनांच्या आसपास कचरा निघेल आणि तो टाकायला वजनावर पैसे पडतात) आणि शिंगलच्या खाली जे दिसत नाही त्यात. स्वस्त एस्टिमेट स्वस्त होतं ते इथे.

पहिल्याचा कागद पुन्हा वाचा. ‘सध्याचं फ्लॅशिंग वापरणार’ अशी एक ओळ आहे. फ्लॅशिंग म्हणजे सांध्यांवरच्या पत्र्याच्या पट्ट्या. तुमचा डाग चिमणीशेजारी आहे. शिंगल जिथे विटांना भिडतात तिथली पत्र्याची पायरी-पायरी पट्टी आणि तिच्यावर येणारी, विटांच्या सांध्यात खोचलेली दुसरी पट्टी, पाणी बहुधा तिथूनच येतंय. हा माणूस सगळं छत नवं करील आणि गळती जिथे असण्याची शक्यता सर्वांत जास्त, ती जागा जुनी ठेवील. त्याला लेखी विचारा, की दोन्ही पट्ट्या नव्या घातल्या तर किती? (पण आधी एक बघा. थंडीत अ‍ॅटिकमध्ये खिळ्यांच्या टोकांवर दव किंवा गंज दिसला आणि बाथरूमच्या पंख्याची नळी तिथेच उघडी सोडलेली असली, तर डाग गळतीचा नसून वाफेचा असू शकतो. तो नव्या छताने जात नाही.)

दुसरी जागा पागोळीची. बर्फ वितळून कडेला पुन्हा गोठतो, त्याच्यामागे पाणी तुंबतं आणि शिंगलखालून वर चढतं. त्यासाठी खाली चिकटणारा आइस-अँड-वॉटर शील्ड घालतात. बांधकामाच्या नियमांची (कोडची) भाषा अशी, की जिथे हा त्रास आहे तिथे तो छताच्या कडेपासून भिंतीच्या आत किमान २४ इंचांपर्यंत हवा. तुमची पागोळी १२ इंच, अधिक २४, झाले ३६ इंच आडवे. पण छत तिरकं, म्हणून १.२ ने गुणून ४३ इंच. रोल येतो ३६ इंच रुंदीचा. म्हणजे एक पट्टा पुरत नाही, दोन हवेत. पहिल्या कागदावर ‘एक पट्टा’ आहे, दुसऱ्यावर ‘कडेला सहा फूट’. मला दुसरा माणूस आवडू लागला तो इथे.

तिसरी जागा प्लायवूड. शिंगल उखडेपर्यंत खालचं लाकूड कसं आहे ते कुणालाच कळत नाही, म्हणून ‘लागेल तसं’ असं लिहितात. लिहू देत, पण ४ बाय ८ च्या एका शीटचा लावून दर किती, तो आकडा सही करण्यापूर्वी हवा. दुसऱ्याने दोन शीट फुकट आणि पुढे ९५ डॉलर असं लिहिलंय. पहिल्याने काहीच नाही, म्हणजे छत उघडं पडल्यावर तो म्हणेल तो दर. ऐंशीच्या दशकातल्या टाउनहाऊसवाल्यांनी तर हा दर आधी विचारावाच. त्या काळी न्यू जर्सीत सामाईक भिंतींलगत आगरोधक रसायन दिलेलं प्लायवूड घालत, आणि ते उन्हाच्या तापाने ठिसूळ होऊन गेल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत.

तिसऱ्याच्या कागदावर ‘परमिट’ म्हणून ६५० डॉलर आहेत. २०१८ पासून न्यू जर्सीत स्वतंत्र एक-दोन कुटुंबांच्या घरांच्या छताचं आवरण बदलायला परमिट लागत नाही. ही रक्कम कसली ते विचाराच. याची दुसरी बाजू अशी, की परमिट नाही तर इन्स्पेक्टरही नाही. जुनं उखडल्यानंतर आणि नवं झाकण्यापूर्वीचे फोटो कंत्राटात लिहून घ्या. ‘आज सही केलीत तर ३,००० सूट’ या त्याच्या ओळीवर मी काही बोलत नाही. मोह झालाच, तर न्यू जर्सीत असं कंत्राट त्याची प्रत हातात आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत रद्द करता येतं, हे लक्षात असू द्या.

तेव्हा खर्च किती धरायचा? पहिला फ्लॅशिंग, दुसरा पट्टा आणि शीटचा दर घालून पुन्हा आकडा देईल, तो माझ्या अंदाजाने १३,५०० ते १४,००० च्या घरात जाईल. दुसऱ्याशी फरक उरला दीड-दोन हजारांचा. मी दुसऱ्याला काम देईन आणि लाकडासाठी वेगळे हजारभर डॉलर बाजूला ठेवीन. राज्याकडच्या नोंदणीचा १३व्हीएच ने सुरू होणारा नंबर कंत्राटावर आहे ना, तेवढं बघा.

प्रश्न : फ्रिस्को, टेक्सासला गारांचं वादळ झालं. दारावर आलेला रूफर म्हणतो, विम्यातून छत करून देतो, तुमचं ४,५०० डॉलरचं डिडक्टिबल (दाव्यातला स्वतः भरायचा वाटा) आम्ही ‘सांभाळून घेऊ’. घ्यावं का?

उत्तर : नाही. २०१९ पासून टेक्सासमध्ये डिडक्टिबल असं माफ करणं किंवा परत देणं हा रूफरचा गुन्हा आहे आणि तुम्ही ते भरल्याचा पुरावा विमा कंपनी मागू शकते. टेक्सासमध्ये रूफरला राज्याचा परवाना लागत नाही, त्यामुळे तो उद्या कुठे सापडेल याची खात्री नाही. आधी तुमची पॉलिसी काढा आणि छताची भरपाई नव्याच्या किमतीने आहे की वय वजा करून, ते वाचा. वय वजा होत असेल आणि छत १५ वर्षांचं असेल, तर डिडक्टिबल गेल्यावर हातात फारसं काही उरणार नाही. अशा वेळी दावा करायचाच का, हा प्रश्न आधी सोडवा. रूफर नंतर, आणि तो गावातलाच.