सायकल मार्गावरची खडी आणि खचलेला चर: तक्रार कोणाकडे करावी?

आपल्या भागातील सायकल मार्गावर खडी साचली आहे, एका ठिकाणी चर खचला आहे आणि जबाबदार कोण ते कळत नाही, असे आपण विचारले आहे. रस्ता ज्या संस्थेच्या ताब्यात, देखभाल बहुधा तिचीच; मार्ग बांधणाऱ्या कंत्राटदाराची जबाबदारी दोषदायित्वाच्या, म्हणजे कामातील दोष स्वखर्चाने दुरुस्त करून देण्याच्या, मुदतीपुरतीच असते.

४ वर्षांपूर्वी अशाच चरात माझे पुढचे चाक अडकले आणि मनगट मोडले. जलवाहिनीसाठी मार्ग लांबीच्या दिशेने खोदला होता. असा चर थर दाबत दाबत भरायचा असतो. तिथे मात्र माती एकदाच लोटून वर डांबर पसरले होते आणि पहिल्याच पावसात तो खाली बसला. मोटारीला अशी कड जाणवतही नाही, पण सायकलचे अरुंद चाक कडेला समांतर सापडले की हँडल वळत नाही, आणि हँडल वळवणे हाच तोल सावरण्याचा मुख्य उपाय असतो. रस्ते विभाग म्हणाला, खोदाई पाणीपुरवठ्याची. पाणीपुरवठा म्हणाला, दुरुस्तीचे पैसे आम्ही रस्ते विभागाकडे भरले आहेत. अखेर मी खोदाईच्या परवानगीची प्रत मागितली. मार्ग पूर्ववत कोणी करायचा हे तिच्यात स्पष्ट लिहिले होते. त्यानंतर काम एका दिवसात झाले.

आमच्या सायकल गटातील एका मित्राचे मत होते की तक्रारी करण्यापेक्षा आपणच झाडू हाती घ्यावा. मी २ रविवार गेलो आणि तिसऱ्या रविवारी स्पष्ट नकार दिला. मोटारींच्या चाकांनी मुख्य रस्त्यावरची खडी कडेला उडते, म्हणजे तो रस्ता रहदारीनेच स्वच्छ राहतो आणि त्याचा कचरा सायकल मार्गावर येतो. त्यामुळे तिथे नियमित सफाई लागते, आणि मोठे झाडणयंत्र मावत नसेल तर अरुंद यंत्र किंवा माणसे लागतात. ही तरतूद सफाईच्या कंत्राटातच हवी. आम्ही झाडत राहिलो असतो, तर ती कोणी केलीच नसती. आपणही खड्ड्याचे छायाचित्र आणि जवळच्या दिव्याच्या खांबाचा क्रमांक देऊन लेखी तक्रार करा व तिचा नोंदणी क्रमांक घ्या.

अर्थात, मार्ग कालव्याच्या किंवा खाजगी जागेतून जात असेल तर आधी मालकी तपासावी लागेल. आणि फुटलेली काच दिसली, तर ती मी आजही थांबून उचलतो. मित्राचे तेवढे म्हणणे मला मान्य आहे.