पेडलची रांग कुठून लावायची? : वाचकांचे प्रश्न

मागच्या महिन्यात सहज लिहून गेलो होतो की गिटारची पेडलं, म्हणजे पायाने दाबून गिटारचा आवाज बदलणारी छोटी खोकी, कोणत्या क्रमाने लावायची ते विचारायचं असेल तर विचारा, आणि पत्रांचा ढीगच आला. सगळी छापता येणार नाहीत, पाच घेतोय. नावं गाळलीत, कारण दोघांनी स्पष्ट लिहिलंय की घरी कळता कामा नये.

प्रश्न (डोंबिवली): दादा, ऑफिसच्या मित्रांचा बँड आहे आमचा. बोनस मिळाला तसे एकदम पाच पेडल घेतले, ट्यूनर, ट्यूब स्क्रीमर, बॉस कंपनीचा डीएस-१, डिले आणि रिव्हर्ब. अ‍ॅम्प साधा, क्लीन म्हणजे न फाटता वाजणारा. खोक्यातून जसे निघाले तसे जोडले. एकेक चालू केला तर भारी वाटतं पण सगळे मिळून नुसती खिचडी, ड्रमर म्हणतो पाण्याच्या टाकीत बसून वाजवतोयस का. फोटो पाठवतोय. क्रम चुकलाय की पैसे वाया गेले?

उत्तर: पैसे कुठे जात नाहीत रे, फोटोत दिसतंयच काय झालंय ते. तुझा पडसाद देणारा डिले आणि आवाज घुमवणारा रिव्हर्ब, दोन्ही आवाज फाडणाऱ्या डीएस-१ च्या आधी बसलेत. आता हे पाठ करण्यापेक्षा समजून घे, म्हणजे पुढचं पेडल आणशील तेव्हा मला विचारायला नको. प्रत्येक पेडल एवढंच करतं, मागून जे आलं ते घेतं, त्याला आपला रंग लावतं आणि पुढे ढकलतं. आपल्या मागे काय होतं हे त्याला माहीत नसतं. डिस्टॉर्शन, म्हणजे तुझा डीएस-१, काय करतं, तर मोठ्या आवाजाचा माथा कापतं, बारीक आवाज वर उचलतं आणि दोघांना जवळपास एका उंचीवर आणून उभं करतं. डिलेचं काम नेमकं उलटं, पहिला पडसाद मोठा, दुसरा त्याहून बारीक, तिसरा त्याहून, अशी उतरंड. ही उतरंड डीएस-१ मध्ये घातलीस की सगळी मडकी एकाच मापाची होऊन बाहेर येतात. वर तू नवीन कॉर्ड मारलीस की जुन्या कॉर्डचा पडसाद आणि नवीन कॉर्ड एकाच वेळी फाटतात, आणि त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांतून भलतेच सूर निघतात जे तू वाजवलेलेच नसतात. तुझी खिचडी ती हीच.

आमच्या गावच्या देवळात सभामंडप आहे, दगडी, चांगला घुमतो. काकड्याला भोंगा मंडपातच ठेवला तर फाटका आवाज घुमतो, ठीक आहे, शब्द तरी कळतात. पण बुवा मंडपात गायले, माईक लांब ठेवला आणि भोंगा बाहेर पिंपळावर टांगला तर ते घुमणंच फाटून बाहेर येतं आणि अभंग कुठला ते कळत नाही. रिव्हर्ब आधी की नंतर याचं सगळं गणित त्या पिंपळाखाली उभं राहिलं की कळतं.

आज रात्री एवढंच कर. डिले आणि डीएस-१ दोनच ठेव. ई मार, तो वाजत असतानाच ए मार, ऐक. मग दोघांची अदलाबदल कर, तेच परत वाजव. बाकी काही हलवू नकोस. एका वेळी एकच बदल, नाहीतर काय केल्याने काय झालं ते कधीच कळत नाही आणि माणूस नुसता वायरी उपसत बसतो.

तुझ्यासाठी रांग अशी: गिटारमधून ट्यूनर, मग स्क्रीमर, मग डीएस-१, मग डिले, शेवटी रिव्हर्ब, तिथून अ‍ॅम्प. ट्यूनर पुढे, कारण त्याला स्वच्छ सूर लागतो, आणि तो दाबला की पुढचं सगळं गप्प, हा फायदा वेगळाच. स्क्रीमर हा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे आवाज हलका फाडणारा; डीएस-१ च्या आधी का, तर तो खालचा बास थोडा कापतो आणि मधला पट्टा, साधारण ७०० हर्ट्झच्या आसपासचा, पुढे आणतो. त्याचा ड्राइव्हचा नॉब जवळजवळ शून्यावर आणि लेव्हल वर ठेवून बघ, डीएस-१ चा भुसभुशीतपणा जाऊन आवाज आवळला जातो. हे बसलं की तुझा ड्रमर स्वतःहून विचारेल नवीन काय घेतलंस.

आणि उद्या अ‍ॅम्प बदललास, त्याचंच डिस्टॉर्शन वापरायला लागलास, तर डिले-रिव्हर्ब समोरून न घालता अ‍ॅम्पच्या मागे सेंड आणि रिटर्न अशी दोन भोकं असतात तिथे घाल. कारण वरचंच.

आता नियम मोडणारेही आहेत. एमएक्सआर कंपनीचा फेज ९० हा १९७४ चा फेझर, म्हणजे आवाज लाटेसारखा फिरवणारं पेडल, गिटारवादक एडी व्हॅन हेलनने तो आधीच फाटक्या वाजणाऱ्या अ‍ॅम्पच्या पुढ्यात लावला आणि १९७८ च्या त्याच्या बँडच्या पहिल्या अल्बममध्ये तो सळसळणारा आवाज निघाला. नव्वदच्या आसपास शूगेझ नावाच्या धूसर आवाजाच्या रॉकवाल्यांनी तर मुद्दाम रिव्हर्ब फझच्या, म्हणजे खरखरीत फाटका आवाज करणाऱ्या पेडलच्या, आधी लावून ढग उठवले. त्यांना ती खिचडीच हवी होती. तुला हवीय का, एवढाच प्रश्न.

एक राहिलं. फोटोत पेडल एकमेकांना जोडणाऱ्या पॅच केबलींचा गुंता झालाय, कारण तू रांग डावीकडून उजवीकडे लावलीस. बहुतेक पेडलांना आत जायचं भोक उजवीकडे असतं आणि बाहेर यायचं डावीकडे, म्हणजे वाचायचं उर्दूसारखं. सुताराकडे प्लायवुडचा बोर्ड करायला टाकायच्या आधी पेपरचे तुकडे काप, बॉसचं लहान पेडल ७३ बाय १२९ मिलिमीटर असतं, मध्ये केबलच्या पिनांना जागा सोड आणि तुकडे जमिनीवर मांडून पायाने दाबून बघ. अनवाणी. गणपतीच्या स्टेजवर चपला काढूनच चढावं लागतं, आणि बुटाने आरामात दाबलं जाणारं मागच्या रांगेतलं पेडल अंगठ्याने दाबताना शेजारचे दोन नॉब फिरतात, हे मी भर आरतीनंतरच्या पहिल्याच गाण्यात शिकलोय. जे सारखं दाबतोस ते पुढच्या रांगेत, एकदा लावून विसरायचं ते मागे. केबलींचा क्रम आणि बोर्डवरची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पॅच केबल लांब लागली तर लागू दे.

प्रश्न (नागपूर): जर्मेनियमवाला फझ घेतला, जुन्या फझ फेसच्या धर्तीवर कोणीतरी हाताने बनवलेला. रात्री इतका गोड वाजतो की काय सांगू, दुपारी मात्र थुंकल्यासारखा आवाज येतो, सूर मधेच तुटतो. आणि गिटारचा व्हॉल्यूम कमी केला की आवाज क्लीन होतो म्हणतात तेही होत नाही. माझ्या पेडलांची यादी सोबत जोडलीय. परत करू का?

उत्तर: परत करू नका हो, मे महिना परत करता आला तर बघा! खरंच सांगतो, तुमचा फझ बिघडलेला नाही, त्याला ऊन लागतंय. जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर गरम झाला की त्यातून गळती वाढते आणि सर्किटचा तोल ढळतो, सिलिकॉनला हा त्रास फार कमी. फझ फेस १९६६ मध्ये लंडनला निघाला, तिथल्या हवेत ठीक आहे, नागपूरच्या पंचेचाळीस अंशात तो बिचारा काय करणार. कूलरच्या वाऱ्यात ठेवा, अ‍ॅम्पच्या डोक्यावर ठेवू नका, आणि दुपारचा कार्यक्रम असेल तर सिलिकॉनवाला न्या. बनवणाऱ्याने आत बायसचा, म्हणजे हा तोल जुळवायचा, छोटा स्क्रू ठेवला असेल तर त्याच्याकडून उन्हाळ्यापुरता जुळवून घ्या.

व्हॉल्यूमचं कारण वेगळं आहे. तुमच्या यादीत फझच्या आधी ट्यूनर दिसतोय, तो बफरवाला असणार, म्हणजे आत सिग्नल जोरात पुढे ढकलणारं छोटं सर्किट असलेला. ही जुनी फझ पेडलं गिटारच्या पिकअपवर, म्हणजे तारांचं कंपन पकडणाऱ्या भागावर, थेट भार टाकतात, आणि त्या ओढाताणीतूनच व्हॉल्यूम सातवर आणला की आवाज निवळतो. मध्ये बफर आला की ओढाताण संपली, आवाज कर्कश होतो आणि नॉब फिरवला तरी फक्त कमी-जास्त होतो. म्हणून वर डोंबिवलीकराला ट्यूनर पहिला सांगितला तरी तुम्हाला सांगतो, फझ पहिला, ट्यूनर त्याच्या मागे. ट्यून करताना फझ बंद ठेवा म्हणजे झालं.

अजून एक, असे बरेच फझ पीएनपी ट्रान्झिस्टरचे असतात आणि त्यांचं प्लस-मायनस बाकीच्यांच्या उलटं असतं. बाकी पेडलांच्या एकाच अडॅप्टरच्या माळेत त्याला ओवू नका, थेट शॉर्ट होईल. नऊ व्होल्टची साधी बॅटरी घाला, महिनोन्‌महिने जाते. पण वाजवून झालं की केबल काढा, केबल आत असेपर्यंत बॅटरी चालूच असते.

प्रश्न (पुणे): जुन्या वाड्यात राहतो. सहा पेडल एकाच अडॅप्टरवर आहेत, सतत गुंSSS आवाज आणि वर एक बारीक शिट्टी. खालचे आजोबा विचारतात चक्की कधी घेतली.

उत्तर: दोन वेगळे आवाज, दोन वेगळी दुखणी. शिट्टी ही डिजिटल पेडलची. एकाच माळेत डिजिटल डिले आणि अ‍ॅनालॉग ड्राइव्ह असले की डिजिटलच्या घड्याळाची कुरकुर वीजेच्या वायरीतून ड्राइव्हमध्ये शिरते आणि ड्राइव्ह ती मोठी करून दाखवतो. डिजिटलला वेगळा अडॅप्टर द्या, शिट्टी गेली तर निदान पक्कं. मग ऐपतीप्रमाणे आयसोलेटेड पॉवर सप्लाय घ्या, ज्यात प्रत्येक पेडलची वाट वेगळी असते. लोक वीस हजाराचं पेडल घेतात आणि त्याला दीडशेचा अडॅप्टर लावतात, काय बोलणार. पेडलच्या मागे मिलिअँपिअर लिहिलेले असतात, साधा ओव्हरड्राइव्ह दहाच्या आसपास खातो, डिजिटल शंभर-दोनशेही खातं, बेरीज करून वर थोडी शिल्लक राहील एवढा सप्लाय हवा.

गुंगुं आवाजासाठी गिटार गळ्यात घेऊन जागच्या जागी गोल फिरा. एका दिशेला कमी झाला तर तो सिंगल कॉइल पिकअप घरातली वीज पकडतोय, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बंद करून बघा. तारांना हात लावल्यावर कमी होत असेल तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवा आणि अर्थिंग तपासा, जुन्या वाड्यात तीन भोकांचं सॉकेट असतं आणि तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. कोणी सांगेल की अ‍ॅम्पच्या प्लगची जाड पिन काढून टाक, आवाज जातो. आवाज जातो हो, पण एखाद्या दिवशी माईकला ओठ लागला की तुम्हीही जाल.

प्रश्न (सांगली): मी बँकेतून निवृत्त झालो. १९८० च्या दशकात ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो, नंतर सुटलं ते सुटलं. मुलगा अमेरिकेत असतो, त्याने एक अ‍ॅनालॉग डिले पाठवला, ३०० मिलिसेकंदांपर्यंतचा. सोबत तिथला अडॅप्टर आहे, तो लावायची भीती वाटते म्हणून बॅटरीवरच चालवतो. रात्री एकच सूर छेडून त्याचे पडसाद ऐकत बसतो, घड्याळात एक वाजलेला असतो. सौ. म्हणते साठीत खेळणं आणलं. यातून अजून काय काय निघेल?

उत्तर: काका, तुमची भीती अगदी बरोबर. अडॅप्टरवर बारीक अक्षरात बघा, नुसतं १२० व्होल्ट असेल तर आपल्या २३० वर तो लावायचा नाही. माझ्याकडे एका पाहुण्याने आणलेला असाच एक मी पिन बदलून लावला होता, दोन मिनिटांत घरभर जळक्या वार्निशचा वास, आणि बायको पोळ्या टाकून धावत आली. १०० ते २४० लिहिलेलं असेल तर मात्र बिनधास्त, फक्त पिन बदला. नाहीतर इथलाच नऊ व्होल्टचा, आतली पिन मायनस असलेला घ्या, आधी पेडलवरचं चिन्ह जुळवून.

आता मजेचं. अ‍ॅनालॉग डिलेच्या चिपमध्ये हजारो बारीक कप्पे असतात आणि तुमचा सूर एका कप्प्यातून दुसऱ्यात ओतला जातो. इंग्रजीत त्याला बादल्यांची रांग म्हणतात पण आपण स्लॅब पडतानाची घमेल्यांची रांग आठवायची, हातोहात माल वर जातो आणि प्रत्येक हाताला थोडा सांडतो. म्हणून प्रत्येक पडसाद आधीच्यापेक्षा मऊ, थोडा काळवंडलेला येतो आणि म्हणूनच तो तुमच्या मूळ सुराच्या आड येत नाही. रात्री एक वाजेपर्यंत तुम्हाला धरून ठेवतोय तो हाच काळवंडलेपणा.

मिनिटात ६०००० मिलिसेकंद, त्यांना लयीच्या आकड्याने भागा. मिनिटाला १०० ठोके असतील तर एक ठोका ६०० मिलिसेकंदांचा, म्हणजे तुमच्या पेडलचा नॉब पूर्ण उजवीकडे नेलात की बरोबर अर्धा ठोका. पडसाद एकच ठेवा आणि साधी सरगम ठोक्याला एक सूर अशी वाजवा, मधल्या रिकाम्या जागा तो भरेल, दोन गिटारी वाजल्यासारखं वाटेल. लय १५० केलीत की तेच ३०० मिलिसेकंद पाऊण ठोका होतात, मग पडसाद ठोक्याच्या किंचित आधी येऊन पडतो आणि वाजवणं आपोआप धावायला लागतं. पडसादांची संख्या वाढवायचा नॉब शेवटपर्यंत नेऊ नका, किंवा न्याच एकदा, पण आवाज बारीक ठेवून, तो स्वतःच ओरडायला लागतो आणि तेव्हा वेळेचा नॉब फिरवला तर अंतराळयान उतरल्यासारखं वाटतं. सौ.ना दाखवा, पण दुपारी.

दुसरं पेडल घ्यायची घाई करू नका एवढं मात्र सांगेन, कारण नवीन आलं की हे मागे पडतं आणि याचे अजून निम्मेसुद्धा नॉब तुम्ही फिरवलेले नाहीत.

प्रश्न (ठाणे): माझ्याकडे चार ओव्हरड्राइव्ह आहेत, पाचवा मुंबईतच बनलेला मिळतोय, अ‍ॅनिमल फॅक्टरीचा. घेऊ का?

उत्तर: चारही एका रांगेत लावा, मित्राला पाठ करून उभं करा आणि न सांगता एकेक वाजवा. त्याला ओळखू न येणारे दोन विका. मग घ्या, छान बनवतात ते, पण तुमच्या यादीत मला ट्यूनर कुठे दिसला नाही.