कडधान्ये वातूळ का ठरतात?

प्रश्न : रक्तातील साखर वाढल्यामुळे आहारतज्ज्ञांनी मला रोज वाटीभर उसळ खाण्यास सांगितले आहे, परंतु हरभरा, चवळी किंवा पावटा खाल्ला की तिसऱ्या प्रहरी पोट गुबारते. मुगाने तितका त्रास होत नाही. कुकरच्या शिट्ट्या वाढवूनही फरक पडला नाही. असे का होते आणि कडधान्ये बंद करावीत का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : शिट्ट्या वाढवून फरक पडणार नाही, कारण त्रास दाणा कच्चा राहिल्याचा नाही. कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज आणि व्हर्बास्कोज या शर्करा असतात व त्या उष्णतेने फारशा मोडत नाहीत. त्यांची साखळी तोडणारे अल्फा-गॅलॅक्टोसिडेज हे विकर माणसाच्या लहान आतड्यात तयारच होत नसल्यामुळे त्या न पचता मोठ्या आतड्यात उतरतात आणि तेथील जीवाणू त्या आंबवतात. त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काही जणांत मिथेन तयार होतो. या तिन्ही वायूंना वास नसतो. दुर्गंधी येते ती अत्यल्प प्रमाणातील गंधकयुक्त वायूंमुळे. अन्न मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचण्यास काही तास लागतात, म्हणूनच आपल्याला पानावरून उठताच नव्हे, तर तिसऱ्या प्रहरी त्रास जाणवतो.

या शर्करा पाण्यात विरघळतात, हा मात्र आपल्या फायद्याचा भाग आहे. कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी ओतून द्यावे व नव्या पाण्यात शिजवावे. (पुरणाच्या डाळीचा कट काढतो तेव्हा यांतील बराच भाग कटात उतरतो, कटाची आमटी वाटीमागून वाटी ओरपणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.) मोड आणणे त्याहूनही उपयुक्त, कारण अंकुर फुटताना बी याच शर्करा स्वतःच्या वाढीसाठी वापरते. मूग आपण बहुधा मोड आणूनच खातो आणि हरभरा अनेकदा नुसता भिजवून, हे आपल्याला जाणवणाऱ्या फरकाचे एक कारण असू शकते. वालाचे बिरडे करताना तर मोड आल्यावर सालेही काढली जातात, त्यामुळे न पचणारा चोथाही कमी होतो. हिंगाच्या फोडणीने अनेकांना बरे वाटते, पण तिने या शर्करा नाहीशा होत नाहीत. खाण्याचा सोडा घालून शिजवणे टाळावे. त्याने ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते.

कडधान्ये बंद करण्याचे कारण मला दिसत नाही. याच आंबण्यातून आतड्याच्या अस्तराला पोषक अशी आम्लेही तयार होतात, शिवाय कडधान्यांतील पिष्ट सावकाश पचत असल्याने साखर एकदम चढत नाही. एकदम वाटीभर न घेता पाव वाटीपासून सुरुवात करून काही आठवड्यांत प्रमाण वाढवावे. बहुतेकांना हळूहळू सवय होते.

आपण मधुमेहाची औषधे घेत असाल, तर दोष सगळा उसळीलाच देऊ नये. अकार्बोज व व्होग्लिबोज ही औषधे पिष्टाचे पचन मुद्दाम मंदावतात, त्यामुळे त्यांनीही असाच वायू होतो. मेटफॉर्मिनमुळेही काहींचे पोट फुगते. गोळी स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना विचारावे. वजन घटणे, शौचावाटे रक्त जाणे किंवा सतत पोट दुखणे यांपैकी काही असल्यास मात्र तपासणी लांबणीवर टाकू नये.