सैनिकाला वरिष्ठाचा हुकूम नाकारता येतो का?

हो, पण बेकायदेशीर असेल तरच. कामठीच्या गार्ड्स सेंटरमध्ये, म्हणजे लष्कराच्या गार्ड्स रेजिमेंटच्या प्रशिक्षण केंद्रात, तुमचा भाचा भरती होतोय म्हणून तुम्ही हे विचारलंत; त्याला हे नीट सांगा. घटनेच्या कलम ३३ नुसार संसद जवानाचे मूलभूत हक्क मर्यादित करू शकते. लष्कर कायदा १९५० च्या कलम ४१ खाली कायदेशीर हुकूम मोडल्यास १४ वर्षांपर्यंत कैद आहे. मात्र शरण आलेल्याला गोळी घालण्याचा हुकूम कायदेशीर नसतोच. युद्धातल्या जखमी, कैदी आणि नागरिकांना संरक्षण देणाऱ्या आंतरराष्ट्रीय जिनिव्हा करारांवर आधारलेल्या १९६० च्या कायद्यात अशा हत्येला फाशी किंवा जन्मठेप आहे.

खरी पंचाईत संदिग्ध हुकमाची. ‘त्या घरावर मारा कर’ म्हटलं आणि आत बायका-मुलं दिसली, तर आधी ते वायरलेसवर कळवावं आणि हुकूम पुन्हा स्पष्ट करून घ्यावा. नकार द्यायचाच तर एकट्याने द्यावा. इतरांना सोबत ओढलं की लष्कर कायद्याच्या कलम ३७ खाली बंडाचा गुन्हा लागू शकतो, आणि त्याला मृत्युदंडही आहे. मला ही तरतूद फार कठोर वाटते.