‘हानछिंग’मधला घाम कोणाचा?

प्रश्न असा आहे : तेराव्या शतकातला चिनी कवी वन थ्येनश्यांग याच्या प्रसिद्ध कवितेच्या शेवटच्या ओळीत ‘हानछिंग’ हा शब्द येतो. कोशात ‘हान’ म्हणजे घाम आणि ‘छिंग’ म्हणजे हिरवा. मग मराठी भाषांतरात ‘घाम गाळून हिरवी केलेली मायभूमी’ असा अर्थ घ्यायचा का?

नाही. हा घाम माणसाचा नाही, बांबूचा आहे. कागद येण्याआधी चीनमध्ये बांबूच्या कामट्यांवर लिहीत. ओल्या बांबूला कीड लागते, म्हणून कामट्या आधी विस्तवावर शेकत. हिरव्या सालीवर पाण्याचे थेंब जमत, अगदी घाम फुटावा तसे. या शेकण्याला म्हणत हानछिंग. पुढे कामट्यांवरचा ग्रंथ आणि मग इतिहास असाच अर्थ त्याला चिकटला. आपण पुस्तकाचं ‘पान’ उलटताना झाड कुठे आठवतं? (‘शाछिंग’, म्हणजे हिरवेपणा मारणं, हा त्याचाच भाऊबंद. आज सिनेमाचं चित्रीकरण संपलं की चिनी लोक हाच शब्द वापरतात.)

कविता १२७९ची. वन हा सुंग राज्याचा मंत्री, मंगोलांच्या सैन्याचा कैदी होता, जहाजावर. अजून लढणाऱ्या सहकाऱ्याला ‘शरण ये’ असं पत्र लिही, म्हणून सेनापती मागे लागला. वनने पत्राऐवजी ही कविता पुढे केली :

‘जन्मला आणि मेला नाही, असा आजवर कोण झाला?
लाल काळीज तेवढं मागे उरो, हानछिंग उजळत राहो.’

इथला लाल म्हणजे ‘तान’, आपला हिंगूळ. इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या एका चिनी ग्रंथात म्हटलंय की हिंगूळ घोटता येतो, पण त्याचा लाल रंग हिरावून घेता येत नाही. ‘तानशिन’, म्हणजे हिंगुळी काळीज, हा निष्ठेचा शब्द झाला तो या न हिरावता येणाऱ्या लाल रंगामुळे.

म्हणून इथे ‘मरावे परी कीर्तिरूपे उरावे’ घालायचा मोह टाळावा. कवी नावलौकिक मागत नाही. आपण फिरलो नाही, एवढंच लिहिलेलं राहावं, असं त्याला वाटतं. ‘देश’ हा शब्दही कवितेत नाही. आहेत ते फुटलेले ‘डोंगर-नद्या’, वाऱ्यावर उडणाऱ्या विलो झाडाच्या कापसासारखे. भाषांतरातही ते डोंगर-नद्याच राहू द्यावेत.

चार वर्षांनी, १२८३च्या जानेवारीत, आजच्या बीजिंगमध्ये त्याला मारलं. तोवर शरण येण्यासाठी नाना प्रकारे मनवून झालं होतं.

‘हानछिंग’साठी मी ‘बखर’ घेणार नाही, ती कागदावरची. ‘इतिहासाच्या कामट्या’ म्हणेन.